नाक मोकळे करणाऱ्या स्प्रेची सवय सोडवताना : सुरुवात एका नाकपुडीपासून

सर्दी कधीच बरी झालेली असते, ताप नाही, खोकला नाही, शेंबूडही फारसा नाही. तरीही दर काही तासांनी नाक चोंदते, आणि खिशात, उशाशी, कामाच्या टेबलाच्या खणात अशा तीन ठिकाणी स्प्रेची एकेक बाटली ठेवावी लागते. ही अवस्था ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. स्प्रेइतक्या झटपट नाक उघडणारा कोणताही नैसर्गिक उपाय नाही, आणि तो शोधत बसण्यात अनेकांचे महिने वाया जातात. नाकाचे अस्तर औषधाचा मारा थांबला की आपले आपण पूर्ववत होते. मधले दिवस, आणि विशेषतः मधल्या रात्री, सुसह्य करणे एवढेच पुढील उपायांचे काम आहे.

नाकात नेमके काय घडते

नाक चोंदते ते शेंबडाने, असा सर्वसाधारण समज आहे; प्रत्यक्षात ते बहुधा सुजेने चोंदते. प्रत्येक नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर फडताळासारखे तीन उंचवटे असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांतील सर्वांत खालचा उंचवटा सर्वांत मोठा असतो, आणि त्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे स्पंजासारखे जाळे असते. या जाळ्यात रक्त भरले की अस्तर फुगते आणि हवेची वाट बंद होते. ऑक्सिमेटाझोलीन, झायलोमेटाझोलीन, नॅफॅझोलीन किंवा फेनिलएफ्रिन यांसारखी औषधे या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आणि दोन-चार मिनिटांत नाक मोकळे होते. फेनिलएफ्रिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, ऑक्सिमेटाझोलीनचा बारा तासांपर्यंत.

अडचण सुरू होते ती वापर लांबल्यावर. एकीकडे रक्तवाहिन्या औषधाला पूर्वीइतका प्रतिसाद देईनाशा होतात, त्यामुळे बारा तासांचा आराम आठ, मग चार, मग दोन तासांवर येतो. दुसरीकडे औषधाचा अंमल उतरला की त्याच रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक सैलावतात आणि अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगते. रुग्णाला वाटते, सर्दी अजून गेली नाही; म्हणून तो पुन्हा फवारा मारतो, आणि त्या फवाऱ्यातूनच पुढची सूज तयार होते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ऱ्हायनायटिस मेडिकामेन्टोसा, म्हणजे औषधानेच झालेला नाकाचा दाह, असे म्हणतात, आणि १९४० च्या दशकापासून तिची नोंद होत आली आहे. अनेक बाटल्यांवर तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये अशी सूचना असते. काही देशांत ही मर्यादा पाच ते सात दिवसांची आहे. ती सूचना बहुतेकांनी वाचलेली नसते, किंवा वाचूनही ती आपल्यासाठी नाही असे मानलेले असते.

या सवयीला ‘व्यसन’ म्हणण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. येथे मनाला कसली धुंदी मिळत नाही. नाकाचे अस्तर औषधावर अवलंबून झालेले असते, एवढेच. त्यामुळे सोडवणूकही अस्तराच्या वेगाने होते, निर्धाराच्या जोरावर ती घाईने उरकता येत नाही. पहिल्या रात्री हार पत्करावी लागली तर त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

तयारी

सर्वप्रथम बाटलीवरील घटक वाचावेत. नाकात मारण्याचे सगळेच स्प्रे ही सवय लावत नाहीत. मिठाच्या पाण्याचे स्प्रे, फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड असलेले स्टिरॉइड स्प्रे आणि अॅलर्जीविरोधी अॅझेलास्टिनचा स्प्रे यांनी असा उलटा फुगवटा येत नाही. सवय सोडण्याच्या उत्साहात नेमका स्टिरॉइडचा स्प्रे बंद करून टाकणे आणि झायलोमेटाझोलीन चालू ठेवणे ही चूक सहज होते, कारण बाटल्या दिसायला सारख्याच असतात. नावाच्या शेवटी ‘झोलीन’ असेल, किंवा घटकांत फेनिलएफ्रिन अथवा एफेड्रिन असेल, तर तोच स्प्रे आपल्याला सोडायचा आहे.

त्यानंतर तीन दिवस काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी : किती वाजता, कोणत्या नाकपुडीत, आणि त्या वेळी नाक खरोखर बंद होते का. या नोंदीतून बहुधा असे दिसते, की काही फवारे नाक बंद झाल्यामुळे मारलेले नसून ते बंद होईल या धास्तीने मारलेले होते : बैठकीपूर्वी, जेवणापूर्वी, झोपण्यापूर्वी. असे फवारे सर्वांत आधी आणि सर्वांत सहज गळतात.

मुहूर्तही थोडा पाहावा. ताजी सर्दी झालेली असताना, परागकणांच्या ऐन हंगामात, विमानप्रवासाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नये. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा थायरॉइडचा विकार आहे, ज्या गर्भवती आहेत, किंवा ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

एका नाकपुडीची पद्धत

दोन्ही नाकपुड्यांचा स्प्रे एकाच दिवशी बंद करणे शक्य आहे, आणि काही जण ते यशस्वीपणे करतातही. मात्र पहिले तीन ते सात दिवस तोंडानेच श्वास घ्यावा लागतो, आणि बहुतेक प्रयत्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री मोडतात. म्हणून नवख्या माणसाने एका नाकपुडीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. या पद्धतीत एका नाकपुडीतील स्प्रे पूर्णपणे बंद करायचा आणि दुसरीत, शक्य तितक्या कमी वेळा, चालू ठेवायचा. एका बाजूने का होईना, नाकाने श्वास चालू राहतो, झोप लागते, आणि घाबरून बाटलीकडे हात जाण्याची वेळ येत नाही.

कोणती नाकपुडी आधी घ्यावी? जी एरवी जास्त मोकळी असते ती. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या वाकडेपणामुळे पुष्कळांची एक बाजू मुळातच अरुंद असते. तिच्यापासून सुरुवात केल्यास सुधारणा उशिरा दिसते आणि धीर सुटतो. निवडलेली नाकपुडी पहिले दोन-चार दिवस जवळजवळ पूर्ण बंद राहील, हे गृहीतच धरावे. त्यानंतर ती दिवसातून थोडा वेळ उघडू लागते, मग अधिक वेळ. साधारण एक ते दोन आठवड्यांत ती स्वतःच्या बळावर उघडी राहू लागते. वर्षानुवर्षे स्प्रे वापरलेल्यांना याहून जास्त काळ लागू शकतो.

येथे नाकाचा एक स्वभाव माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. निरोगी नाकातही दोन्ही बाजू सदासर्वकाळ सारख्या मोकळ्या नसतात. दर काही तासांनी एका बाजूचे अस्तर थोडे फुगते आणि दुसऱ्या बाजूचे ओसरते, आणि मग ही पाळी बदलते. स्प्रे वापरणाऱ्या माणसाला ही अदलाबदल अनुभवाची राहिलेली नसते, कारण त्याने दोन्ही बाजू औषधाने सताड उघड्या ठेवलेल्या असतात. म्हणून पहिली नाकपुडी सुधारल्यावर ती दुपारी थोडी बंद वाटली, की ‘पुन्हा सुरू झाले’ असा निष्कर्ष काढला जातो. खरे तर नाक पूर्ववत होत असल्याचेच ते लक्षण असू शकते.

पहिली नाकपुडी सलग चार-पाच दिवस औषधाविना कामचलाऊ मोकळी राहिली, म्हणजे दुसरीतील स्प्रे बंद करावा. दुसरी नाकपुडीही तितकेच दिवस घेते, पण ते दिवस तितके जड जात नाहीत.

याशिवाय स्प्रेच्या बाटलीत रोज थोडे मिठाचे पाणी घालून औषध पातळ करत नेण्याची एक युक्ती सांगितली जाते. तिच्यामागील विचार चुकीचा नाही, परंतु बाटली वारंवार उघडल्याने तिच्यात जंतू जाऊ शकतात आणि आपण नेमके किती औषध घेत आहोत याचा हिशेब राहत नाही. त्यापेक्षा फार्मसिस्टला विचारून कमी तीव्रतेचा स्प्रे घ्यावा, झायलोमेटाझोलीन ०.१ टक्क्याऐवजी ०.०५ टक्के या प्रमाणातही मिळते. चालू ठेवलेल्या नाकपुडीसाठी तो वापरणे हा चांगला मधला मार्ग आहे.

मिठाचे पाणी : कृती आणि खबरदारी

या संपूर्ण काळात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे मिठाचे कोमट पाणी. ते रक्तवाहिन्या आकुंचित करत नाही. ते घट्ट शेंबूड, धूळ आणि परागकण धुऊन नेते व कोरड्या पडलेल्या अस्तराला ओलावा देते. दिवसातून एक-दोन वेळा नाक धुणे पुरेसे असते, आणि मधल्या वेळी मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे हवा तितक्या वेळा मारता येतो. बाटलीकडे जाणाऱ्या हाताला दुसरी बाटली देता येते, हा त्याचा एक गौण पण खरा फायदा आहे.

प्रमाण असे : एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. २५० मिलिलिटर पाण्यासाठी हे प्रमाण सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा भरण्यापूर्वीच थांबावे. घरात छोटा वजनकाटा असल्यास त्याचाच वापर करावा. मीठ आयोडीनविरहित आणि इतर काही न मिसळलेले असावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास झोंबणे कमी होते. मीठ कमी पडले तरी नाक झोंबते, हे अनेकांना अनपेक्षित वाटते; साधे पाणी नाकात गेल्यावर होणारी जळजळ आठवली की त्याचा उलगडा होतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. नळाचे पाणी थेट नाकात घालू नये. डिस्टिल्ड अथवा निर्जंतुक पाणी वापरावे, किंवा पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट (समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे) उकळत ठेवून कोमट होईपर्यंत निवू द्यावे. कारण नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकात गेला तर तेथून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि त्याचा संसर्ग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्तींचा अशा संसर्गाने मृत्यू झाला होता. हा धोका अत्यंत दुर्मीळ आहे, पण पाणी उकळण्याचे कष्ट त्याहून फारच थोडे आहेत.

नाक धुताना बेसिनवर वाकावे, मान एका बाजूला कलती करावी, तोंड उघडे ठेवून तोंडाने श्वास घेत राहावे आणि वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी किंवा मऊ बाटलीचे टोक टेकवून पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. स्प्रे बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत ते बाहेर येणारच नाही, कारण वाट बंद असते. अशा वेळी जोराने दाब देऊ नये, नाहीतर पाणी कानाच्या दिशेने चढून कान दुखू लागतो. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे काही फवारे मारून दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. धुऊन झाल्यावर नाक हलकेच, एका वेळी एकच बाजू, शिंकरावे. शिल्लक पाणी टाकून द्यावे, आणि भांडे धुऊन पूर्ण वाळू द्यावे. झोपण्याच्या अगदी आधी नाक धुणे टाळावे, कारण आडवे झाल्यावर आत राहिलेले पाणी घशात उतरते. किमान तासभर आधी धुतलेले बरे.

रात्रीचे नियोजन

दिवस कसाही निघतो; सवय मोडते किंवा टिकते ती रात्री. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तवाहिन्यांत रक्त अधिक साचते आणि चोंदलेले नाक आणखी चोंदते. म्हणून पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचलावेत, किंवा पाठीपासून डोक्यापर्यंत उतरती राहील अशी पाचरीच्या आकाराची उशी घ्यावी. नुसत्या उशांवर उशा रचल्यास मान मुडपते आणि उपयोग थोडाच होतो.

कुशीचाही उपयोग करून घेता येतो. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी फुगते आणि वरची मोकळी होते; केवळ गुरुत्वाकर्षणाने नव्हे, तर काखेवर व बरगड्यांवर पडणाऱ्या दाबाला शरीर देत असलेल्या प्रतिसादानेही. तेव्हा ज्या नाकपुडीचा स्प्रे बंद केला आहे ती वर राहील अशा कुशीवर झोपावे. उजवी नाकपुडी सोडवत असाल तर डाव्या कुशीवर. या साध्या बदलाने सुरुवातीच्या रात्रींत जेवढा फरक पडतो, तेवढा अनेक महागड्या साधनांनी पडत नाही.

नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी नाकपुडीच्या पुढच्या भागाला ताणून धरते. आतली सूज तिने कमी होत नाही, पण हवेला वाट थोडी रुंद मिळते. खोलीतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. त्याहून जास्त झाल्यास धुळीतील किडे आणि बुरशी यांचे फावते. ह्युमिडिफायर वापरत असल्यास तो नियमितपणे स्वच्छ करावा. संध्याकाळी मद्य घेतल्यास नाकाचे अस्तर फुगते, म्हणून निदान हे दोन-तीन आठवडे ते टाळावे.

मेंथॉलविषयी एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या वासाने नाक उघडल्यासारखे वाटते, पण मोजणी केल्यास हवेचा प्रवाह वाढलेला आढळत नाही. मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि हवा खेळते आहे असा भास निर्माण करते. गरम पेयांचेही काहीसे असेच आहे. परंतु मध्यरात्री अडचण असते ती मुख्यतः गुदमरल्याच्या भावनेची, त्यामुळे हा भासही उपयोगाचा आहे. मेंथॉल किंवा कापूर असलेली मलमे नाकपुडीच्या आत लावू नयेत, आणि दोन वर्षांखालील मुलांच्या जवळपासही आणू नयेत. वाफेने काही काळ बरे वाटते, पण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकून भाजल्याच्या घटना, विशेषतः मुलांच्या बाबतीत, वारंवार घडतात. त्यापेक्षा गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघरात भरणारी वाफ पुरते.

तरीही रात्री दोन वाजता नाक गच्च बंद होऊन जाग आलीच, तर काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, कारण त्या वेळी नवा विचार सुचत नाही. उठून बसावे, मिठाच्या पाण्याचे फवारे मारावेत आणि दहा मिनिटे घरात जरा झपझप चालावे. चालण्यामागे कारण आहे : शरीर हालचालीत आले की स्वायत्त चेतासंस्था नाकातील त्याच रक्तवाहिन्या आकुंचित करते, ज्या तो स्प्रे औषधाने आकुंचित करत होता. परिणाम अर्धा-पाऊण तासच टिकेल, पण तेवढ्यात पुन्हा झोप लागू शकते. श्वास सहज रोखता येईल इतकाच क्षण रोखून, नाकाने हळू सोडण्याचा व्यायामही काहींना तात्पुरता लाभतो. गर्भवतींनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी तो करू नये. एखादी रात्र तोंडाने श्वास घ्यावा लागला तर निरोगी प्रौढ माणसाला अपाय होत नाही; घसा कोरडा पडतो, त्यासाठी उशाशी पाणी ठेवावे.

जे टाळावे

नाकात तेलाचे थेंब किंवा पेट्रोलियम जेली वारंवार घालू नये. त्यांचा अंश फुप्फुसांत उतरल्यास एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. मिरचीतील कॅप्सेसिनचा नाकाच्या काही विकारांत वैद्यकीय देखरेखीखाली उपयोग करून पाहिला गेला आहे, परंतु त्यावरून घरी मिरचीपूड नाकाजवळ नेण्याची परवानगी मिळते असे कोणी समजू नये. स्प्रेऐवजी गोळ्या, ही पळवाटही निरुपयोगी आहे. फेनिलएफ्रिनच्या पोटातून घ्यायच्या गोळ्या चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाहीत, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने नोंदवले. स्यूडोएफेड्रिन परिणाम करते, पण ते रक्तदाब वाढवते आणि झोप उडवते.

स्टिरॉइड स्प्रेचा प्रश्न

‘नैसर्गिक’ उपायांच्या लेखात याचा उल्लेख अनेकांना खटकेल, परंतु तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्प्रे सोडताना डॉक्टर बहुधा काही आठवड्यांसाठी स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे सुचवतात. तो सूज हळूहळू उतरवतो आणि त्याची सवय लागत नाही. त्याचा पूर्ण परिणाम यायला कित्येक दिवस लागतात, म्हणून तो जुना स्प्रे बंद करण्याच्या आठवडाभर आधी सुरू करणे सोयीचे पडते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून फवारा मारावा, आणि नंतर जोराने हुंगू नये. पडद्यावर थेट फवारा मारल्यास रक्त येऊ शकते. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलेले असेल तर औषध अस्तरापर्यंत नीट पोहोचते.

मूळ कारण

स्प्रे सुटल्यावर महिन्याभराने नाक कसे आहे ते पाहावे, कारण पहिली बाटली ज्या कारणाने आणली ते अजून तेथेच असू शकते. सकाळी उठताच शिंका येत असतील आणि डोळे खाजत असतील तर धुळीतील किड्यांची अॅलर्जी संभवते. गादी व उशांना किडे रोखणारी आवरणे घालावीत आणि पांघरुणे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावीत. एकच बाजू कायम बंद राहत असेल, वास येत नसेल, शेंबडातून रक्त येत असेल, चेहरा दुखत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. वाकडा पडदा किंवा नाकातील पॉलिप (अस्तरावर वाढणारे मऊ कोंब) मिठाच्या पाण्याने जात नाहीत. डोळ्याभोवती सूज आली, दृष्टी अंधुक झाली किंवा तीव्र डोकेदुखीसह ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या सर्दीत काय करायचे, हेही आताच ठरवून ठेवावे. ज्यांना एकदा ही सवय लागली, त्यांनी हा स्प्रे पुन्हा न वापरणेच श्रेयस्कर. अगदीच गरज पडली तर फक्त रात्री, फक्त तीन दिवस, आणि बाटलीवर सुरुवातीची तारीख लिहून. उरलेल्या बाटल्या घरात ठेवू नयेत, आणि ठेवायच्याच झाल्यास मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, कुलपात ठेवाव्यात : ‘झोलीन’ गटातील औषधाचे अवघे एक-दोन मिलिलिटर पोटात गेल्यानेही लहान मूल गुंगीत जाऊ शकते, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. तसे घडल्याचा संशय आला तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता बाटली बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे जावे.